वेस्टर्न सॅडलच्या स्कर्टला अस्तर कशाचं लावावं? (गोव्याच्या पावसात टिकेल असं)

वाळवंटीकाठ · ४ मे, रात्री ९.५२

मंडळी, प्रश्न आडवाटेचा आहे, पण इथं घोड्यांची वेडी चार माणसं आहेत हे माहीत आहे म्हणून धागा काढतेय.

माझ्याकडे एक वेस्टर्न सॅडल आहे. मामेभाऊ कॅनडाहून कायमचा परतला तेव्हा सामानात घेऊन आला, दोन महिन्यांत हौस फिटली आणि ती गोव्यात साखळी गावी आमच्या घरी आली. वजन सोळा किलो, काट्यावर घालून पाहिलंय. घोडी मारवाडी-क्रॉस, नऊ वर्षांची, नाव चांदणी. आठवड्यातून तीन-चार दिवस नदीकाठाने फेरी, एवढंच काम.

गेल्या पावसाळ्यात सॅडल पडवीत चादर घालून ठेवली होती. चवथीच्या आधी काढली तर खालची लोकर हिरवी-काळी. ऊन दाखवलं, ब्रश मारला, विसरून गेले. परवा उलटी करून नीट पाहिली. तंगाजवळची (म्हणजे पोटाखालून आवळायच्या पट्ट्याजवळची) लोकर झिजून टक्कल पडलंय आणि मागच्या कोपऱ्यात बोट दाबलं तर कातडं पापडासारखं तुटतं. वरचं चामडं मात्र ठणठणीत.

ज्यांनी ही सॅडल पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. इंग्लिश सॅडलला खाली भरलेल्या गाद्या असतात, हिला नसतात. आत लाकडी सांगाडा, त्याला ट्री म्हणतात. ट्रीच्या दोन लांब पट्ट्या, म्हणजे बार, कण्याच्या दोन्ही अंगांना पाठीवर टेकतात. बारखाली जाड चामड्याचे दोन रुंद पंख असतात ते स्कर्ट, आणि स्कर्टच्या पाठीकडच्या बाजूला लोकरीचं अस्तर. बदलायचंय ते हेच.

मेंढीचं लोकरीसकट कातडं, सिंथेटिक फ्लीस, नमदा, निओप्रीन अशी नावं वाचलीत. काय घेऊ? पाऊस लागायच्या आत काम उरकायचंय.

खोगीरभरती · ४ मे, रात्री १०.२०

अखेर माझ्या आयडीला साजेसा धागा! आमच्याकडे शिगम्यात घोडेमोडणीचा घोडा असतो. अस्तर नको, तंग नको, दाणा नको. कमरेला बांधला की निघाला. विचार करा.

अल्बर्टातून · ५ मे, सकाळी ७.०५

मी कॅल्गरीपासून तासाभरावर राहतो. आमच्याकडे ही सॅडल म्हणजे तुमच्याकडची पायलट मोटरसायकल, जिकडे बघाल तिकडे.

आधी एक गैरसमज काढतो. अस्तर घोड्याला मऊ लागावं म्हणून नसतं, असलं तर फार थोडं. मऊपणाचं काम सॅडलखालच्या पॅडचं. अस्तराचं खरं काम पकडीचं. नुसतं चामडं पॅडवर सरकतं, लोकर पॅडमध्ये रुतून बसते. मग तंग करकचून आवळावा लागत नाही आणि चढताना सॅडल कलत नाही. तुमच्या सॅडलला टक्कल नेमकं तंगाजवळ पडलंय, कारण ओढ सगळी तिथंच असते.

चांगले कारागीर अजूनही खरं कातडंच वापरतात. लोकर पाऊण ते एक इंच उंच आणि दाट हवी. बोटांनी फाकवली तर तळाचं कातडं सहज दिसता कामा नये. स्वस्त सॅडलना फ्लीस असते. जुनी मंडळी तिला सरसकट कोडेल म्हणतात, मुळात ते ईस्टमन कंपनीच्या पॉलिएस्टर धाग्याचं नाव. नवी असते तेव्हा खऱ्या लोकरीशी फसगत होईल इतकी छान दिसते. नंतर चपटी होते, गाठी धरते, आणि गवताची कुसळं अशी अडकतात की चिमट्याने एकेक वेचा. लोकर दाबून पुन्हा उभी राहते. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. पॉलिएस्टरला ते जमत नाही.

निओप्रीनची पकड जबरदस्त आणि पाइप मारून धुता येतं. पण ते रबर आहे, हवा खेळत नाही. तुमच्या उकाड्यात घोडीच्या पाठीला नको.

थोडक्यात, खरं कातडं. यात विचार करण्यासारखं काही नाही.

मोतद्दार · ५ मे, दुपारी १.४०

पात्रांव, विचार करण्यासारखं बरंच आहे. तीस टक्के ओल पोटात घेते हे तुम्ही गुण म्हणून सांगताय. आमच्याकडे जून ते सप्टेंबर ती ओल बाहेर कुठं टाकणार? हवाच ओली. कॅल्गरीत वर्षाकाठी चारशे-साडेचारशे मिलिमीटर पाऊस. आमच्याकडे तीन हजारांच्या आसपास, तोही बहुतेक चार महिन्यांत.

मी ज्या तबेल्यात असतो तिथं दोन वेस्टर्न सॅडल आहेत, एक लोकरीची, एक फ्लीसची. लोकरीच्या सॅडलला दुसऱ्याच पावसाळ्यात कसर लागली. कोणी नखाने चर काढावेत तशी खाल्लेली. फ्लीसची अजून चालू आहे. दिसायला भिकार, पण चालू आहे. बुरशी आली की साबणाने घासतो, पंख्याखाली टाकतो, दुसऱ्या दिवशी घोड्यावर. पॉलिएस्टरला कसर तोंड लावत नाही.

माझं मत फ्लीसला. दर तीन-चार वर्षांनी बदला, स्वस्तात होतं.

अल्बर्टातून · ५ मे, संध्याकाळी ६.१५

दर तीन-चार वर्षांनी स्कर्ट उसवून पुन्हा शिवायचे? टाके कोण घालणार, तुम्ही?

मोतद्दार · ५ मे, संध्याकाळी ६.३१

मीच घालतो. गेल्या वेळी मीच घातले.

आरी-दोरा · ५ मे, रात्री ११.१०

सावंतवाडीहून लिहितोय. चामड्याचं काम हौसेने शिकलो, आता तीस वर्षं होतील.

ताई, वरच्या दोघांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे. पण घोडं पेंड खातंय ते लोकर की फ्लीस इथं नाही. कातडं कशावर कमावलंय, इथं आहे. तुमचंच वाक्य बघा, ‘पापडासारखं तुटतं’. झिजलेली जागा सोडली तर लोकर शाबूत आहे. मेलंय ते तिच्या खालचं कातडं.

लोकरीचं कातडं दोन तऱ्हांनी कमावतात. एक झाडाच्या सालीवर. आपल्या कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांवर कमावतात, तोच वर्ग. दुसरी तऱ्हा क्रोमच्या क्षारावर. स्कर्टच्या वरच्या चामड्याला सालीवरचंच हवं, पाच-सहा मिलिमीटर जाड. ते भिजवून ट्रीवर दाबून वाळवलं की आकार धरतं आणि सोडत नाही. अस्तराचं दुखणं वेगळं. त्याची गाठ रोज घामाशी. घोड्याचा घाम आपल्या घामापेक्षा पुष्कळ खारट. त्यात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं, तंगाजवळ साबणासारखा फेस येतो तो त्याचाच. मीठ आणि दमट उष्णता एकत्र आली की सालीवर कमावलेलं पातळ कातडं आधी कडक होतं, मग तडकतं. क्रोमवरचं मऊ राहतं आणि घाम, ओल कितीतरी जास्त सोसतं.

म्हणून माझं उत्तर: खरं कातडं, पण क्रोमवरचंच. ते मिळालं नाही तर मोतद्दारांची फ्लीस. सालीवरचं कातडं गोव्यात फुकट मिळालं तरी घेऊ नका.

ओळखायचं कसं? नवी कापलेली कड बघा. क्रोमला आत निळसर-करडी झाक असते, सालीवरच्याला तपकिरी. हल्ली पांढरं करून विकतात, मग कडेवर भरवसा नाही. अशा वेळी नखाएवढा तुकडा उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका. चांगलं क्रोम जवळजवळ जसंच्या तसं राहतं. सालीवरचं आक्रसून गोळा होतं. आणि लोकरीबद्दलच शंका असेल तर दोन-चार केस जाळा. केस जळल्याचा वास आणि चुरडणारी राख म्हणजे लोकर. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर.

आता मला दोन गोष्टी सांगा. तंगाची कडी कुठं आहे, स्कर्टमध्ये शिवलेली की वेगळ्या चामड्यावर ट्रीला बसवलेली? स्कर्टमध्ये असेल तर घरी उसवू नका. तिथल्या टाक्यांवर तुमचा जीव असतो. आणि फेरीनंतर सॅडल उतरवल्यावर घोडीच्या पाठीवर घामाचा ठसा कसा दिसतो?

वाळवंटीकाठ · ६ मे, सकाळी ८.२५

आरी-दोरा काका, देव बरें करूं! वाखुसा (वाचनखूण साठवली).

कडी स्कर्टमध्ये नाही. वेगळ्या जाड चामड्यावर आहे आणि ते ट्रीला स्क्रूने बसवलंय. घामाचा ठसा आज मुद्दाम पाहिला. मागे दोन्ही बाजूंना सारखा ओला. पुढे खांद्यामागे मात्र दोन्हीकडे तळहाताएवढा कोरडा ठिपका. मला वाटलं तिथं घाम येत नसेल.

आरी-दोरा · ६ मे, सकाळी ९.००

येत असतो. तिथं दाब इतका पडतो की घाम फुटायला वाव राहत नाही. मारवाडी घोड्याची पाठ अरुंद. तुमची ट्री बहुधा क्वार्टर हॉर्स या अमेरिकी जातीच्या रुंद पाठीसाठी बनलेली, त्यामुळे ती पुढे खाली बसते. पॅड न घालता सॅडल ठेवा आणि पुढच्या कमानीखाली, खांद्याच्या उंचवट्यावर, किती बोटं उभी मावतात ते बघा.

वाळवंटीकाठ · ६ मे, सकाळी ९.४५

दोन बोटं, तीही ओढून-ताणून. मग अस्तरच जरा जाड लावलं तर?

आरी-दोरा · ६ मे, सकाळी ९.५२

नाही. अस्तर सगळीकडे सारखंच जाड होणार आणि महिन्याभरात बसणार. बसण्याचा दोष अस्तराने काढायला गेलात तर ती नुसती खोगीरभरती.

खोगीरभरती · ६ मे, सकाळी ९.५३

हजर.

आरी-दोरा · ६ मे, सकाळी १०.१०

😀 पुढे खांद्याजवळ पट्टी सरकवायला खिसे असलेला पॅड मिळतो, तो घ्या. पट्टी घालून पुन्हा ठसा बघा. अस्तराचं काम त्यानंतर.

नीलमाड · ७ मे, दुपारी ४.००

नमद्याचं कोणी काही बोललंच नाही. राजस्थानात टोंकला नमदे होतात, लोकर दाबून केलेले. आपलाच माल, स्वस्त, आणि पिढ्यान्‌पिढ्या खोगिराखाली वापरात. शिवाय आपली धनगरांची दख्खनी मेंढरं आहेतच की. तिचं कातडं का नको?

आरी-दोरा · ७ मे, रात्री ९.३०

दख्खनी मेंढीची लोकर भरड, केसाळ आणि विरळ. घोंगडीला उत्तम, अंथरा-पांघरा, पावसात डोक्यावर घ्या. पण ती दाट, उभी लव त्या कातड्यावर नसते. महिन्यात आडवी होते.

नमदा मला मनापासून आवडतो. पण पॅड म्हणून. अस्तराला लावून पाहिलाय. त्याला मागे कातडं नसतं, सगळा धाग्यांचा गुंता, त्यामुळे कडेच्या टाक्यांतून हळूहळू फाटत जातो. मागे पातळ चामडं लावून शिवला तर टिकतो, पण दुप्पट काम आणि जास्तीची जाडी. आणि कसर नमदाही आवडीने खाते.

अल्बर्टातून · ८ मे, सकाळी ६.५०

कमावण्याचा मुद्दा मान्य. इथली हवा इतकी कोरडी की सालीवरची कातडीही वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून माझ्या डोक्यात आलं नाही. मोतद्दार, तुमची फ्लीस मात्र अजून मान्य नाही.

वाळवंटीकाठ · १७ मे, रात्री १०.०५

पॅड आला. पट्टी घातल्यावर कोरडे ठिपके आधी अर्ध्यावर आले, आज जवळजवळ गेले. एवढ्यासाठी तरी धागा काढल्याचं सार्थक झालं.

आता कातडं. पणजीत एका दुकानात शोभेचं मेंढीचं कातडं पाहिलं, खुर्चीवर टाकतात तसलं. लोकर अडीच इंच. दुकानदार म्हणाला कातरून घ्या. शिवाय कानपूरहून, जिथं सॅडल शिवण्याचा मोठा धंदा आहे, एका व्यापाऱ्याने दोन नमुने पाठवले. तिन्हींचे नखाएवढे तुकडे आईच्या चहाच्या टोपात उकळले. शोभेचं कातडं भज्यासारखं गोल झालं. कानपूरचा पहिला नमुना थोडा वळला. दुसरा तसाच्या तसा. टोप आता माझ्या नावावर झालाय, आईने नवा आणला.

मोतद्दार · १७ मे, रात्री १०.४०

शोभेचं कातडं उकळून आक्रसलं नसतं तरी नको होतं. लांब लोकर मुळाशी विरळ असते, कातरली की ते उघडं पडतं.

आरी-दोरा · १८ मे, सकाळी ७.३०

दुसरा नमुना मागवा. कातडं आल्यावर घाईने कात्री लावू नका. स्कर्ट काढताना प्रत्येक पायरीचा फोटो घ्या, वाद्या कुठून कुठं जातात ते नंतर कोणालाच आठवत नाही. जुनं अस्तर फाडू नका, टाके एकेक कापून अख्खं काढा, तोच तुमचा नमुना. पाठ आणि कुल्ल्याचा भाग स्कर्टच्या मध्यावर येऊ द्या. पोट आणि मानेकडचं कातडं पातळ, ते कडांना जाऊ दे.

कापायचं मागच्या बाजूने, धारदार पातीने, फक्त कातडं कापेल एवढंच दाबून. मग दोन्ही हातांनी फाकवायचं, लोकर आपोआप सुटी होते. कात्रीने कापलंत तर कडेची लोकर अर्धी तुटते आणि ती कड कायम टकली दिसते.

चिकटवायचं फक्त कडेला, बोटभर पट्टीत. सगळीकडे रबर सोल्यूशन फासलं तर कातडं पुठ्ठा होतं आणि पुढच्या वेळी उसवणारा तुम्हाला शिव्या घालतो. मागे बारचं टोक ज्या खिशात शिरतं तिथं थेंबही नको. दोरा पॉलिएस्टरचा मेणवलेला. लिननचा दोरा दिसतो सुंदर, पण इथल्या ओलीत कुजतो. जुन्याच भोकांतून, दोन सुयांनी, दोन्हीकडून. नवी भोकं पाडलीत तर कड पोस्टाच्या तिकिटासारखी फाटेल.

वाळवंटीकाठ · १ जून, रात्री ११.५०

झालं. बोटं वाकत नाहीत, म्हणून थोडक्यात लिहिते.

सगळं नीट चाललं होतं. डावा स्कर्ट कापला, सुरेख. नमुना उचलून शेजारी ठेवला, उजवा कापला. दोन्ही जोडीने ठेवले तेव्हा लक्षात आलं की दोन्ही डावेच आहेत. नमुना उलटा करायचा राहिला. लोकर एकाच बाजूला असल्यामुळे तुकडा पालथा घालूनही चालत नाही. मी पंधरा मिनिटं पायरीवर नुसती बसून होते. आई म्हणाली, ‘घोडीला दोन डाव्या बाजू असत्या तर बरं झालं असतं.’

उरलेल्यात उजवा जवळजवळ बसला, मागचा कोपरा तेवढा कमी पडला. तिथं तुकडा जोडलाय. चालेल का?

टाके मोजले. इंचाला सहा, एका बाजूला तीनशे नव्वद. शिवताना लोकर टाक्यात सारखी ओढली जाते. आधी ओल्या फणीने आत विंचरून घ्यायची हे मला शंभराव्या टाक्याला सुचलं.

आरी-दोरा · २ जून, सकाळी ६.४०

जोड बारखाली येत नसेल तर बिनधास्त. कोपऱ्यात काहीच भार नसतो. दोन डावे मीही कापलेत, तेही गिऱ्हाइकाच्या कातड्यात. शिवणीबाहेर आलेली लोकर कात्रीने तिरकी छाटा, म्हणजे कडेला चिखल कमी धरेल.

मोतद्दार · २ जून, दुपारी २.१५

काम छान झालंय, पण खरी परीक्षा आता आहे. पडवीत ठेवू नका. फेरीहून आल्यावर सॅडल जमिनीवर किंवा पॅडवर टाकू नका, घोडीवर (लाकडी, चांदणीवर नव्हे) ठेवा, खालून हवा लागली पाहिजे. पंखा सुकेपर्यंत. उन्हात नको, वरचं चामडं तडकतं. सुकल्यावर कुत्र्याच्या ब्रशने लोकर उभी करा. कसर अंधारात, न हलवलेल्या लोकरीत अंडी घालते. रोज हलणाऱ्या लोकरीला सहसा लागत नाही. आमची सॅडल दोन महिने कोणी वापरली नव्हती, हे मी वर सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

वाळवंटीकाठ · ११ ऑगस्ट, रात्री ९.१५

पावसाळ्यातला अहवाल. सॅडल आता कपड्यांच्या जुन्या कपाटात असते. खणाच्या फळ्या काढल्या, तळाशी ४० वॅटचा पिवळा बल्ब, दाराला फट. आमच्याकडे आजीच्या शालू-शेल्यांचं हेच चालायचं. डांबरगोळ्या ठेवून पाहिल्या, चांदणीने सॅडल हुंगून तोंड फिरवलं, काढून टाकल्या.

लोकर कोरडी, वास नाही. पण वरच्या चामड्यावर पांढरी पूड आली. घाबरले. बुरशी?

आरी-दोरा · ११ ऑगस्ट, रात्री ९.४०

तेल कुठलं लावलंत? केसांच्या ड्रायरने हलकी गरम हवा मारा. पूड विरघळून गायब झाली तर ती चरबी, बाहेर येऊन गोठलेली. तशीच राहिली तर बुरशी.

वाळवंटीकाठ · ११ ऑगस्ट, रात्री ९.५८

विरघळली! तेल खोबरेल. घरचं. आईने लावलं म्हणे, ‘चकाकावी म्हणून’.

खोगीरभरती · ११ ऑगस्ट, रात्री १०.०२

टोपाचा सूड.

अल्बर्टातून · १२ ऑगस्ट, सकाळी ६.३०

दोन डाव्यांचा फोटो टाका ना. इथल्या एका म्हाताऱ्या सॅडल-कारागिराला दाखवायचाय, त्याला बरं वाटेल.

मोतद्दार · २० सप्टेंबर, संध्याकाळी ७.२०

वरातीमागून घोडं, पण विचारतो. आमच्या लोकरीच्या सॅडलचं अस्तर बदलायचं ठरलंय. मालक फ्लीस म्हणत होते, मी नको म्हटलं. कानपूरचा तो दुसरा नमुना कोणाकडचा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

वाळवंटीकाठ · २० सप्टेंबर, रात्री ८.०५

व्यनि केलाय. आणि कापताना नमुना उलटा करा.